1,349 रुपयांचा ‘ब्रँडेड’ ग्रायंडर: साडेपाच महिन्यांनंतर

मशीन 4 इंची अँगल ग्रायंडर. 100 मिमीचं चाक, एम10 स्पिंडल, माहितीच्या पट्टीवर 850 वॅट आणि 11,000 आरपीएम (मिनिटाला फेरे). नाव एका नामवंत कंपनीचं, खरेदी ऑनलाइन. दुकानात याच मॉडेलला बावीसशेच्या आसपास सांगतात. काम आठवड्यातून तीन-चार दिवस, दिवसाला तासभर: 25×25×3 चे अँगल आणि चौकोनी पाइप कापायचे, वेल्डिंगचे टाके घासायचे. साडेपाच महिन्यांत आर्मेचर (मोटरचा वायर गुंडाळलेला फिरणारा भाग) जळलं, आणि खोलल्यावर मशीन नकली निघालं.

आर्मेचर जळणं मी एक वेळ समजू शकतो. मला राग आहे तो स्विचचा, त्यामुळे आधी त्याबद्दल.

या ग्रायंडरला सरकता स्विच आहे. पुढे ढकलला की अडकतो आणि मागचा भाग दाबला की सुटतो. बाहेरचं बटण आणि आतला खरा स्विच यांच्यामध्ये प्लॅस्टिकची एक लांब पट्टी असते. अस्सल मशीनमध्ये ही पट्टी ताठ असते, स्प्रिंग जोरदार असते आणि आतल्या स्विचवर अँपिअर, व्होल्ट आणि बनवणाऱ्याचं चिन्ह उमटवलेलं असतं. इथे आतल्या स्विचवर एक अक्षरही नाही. पट्टी पुन्हा वितळवलेल्या प्लॅस्टिकची, बोटाने वाकते. चौथ्या महिन्यात लोखंडाची भुकटी खाचेत बसली आणि बटण मागे यायला लागलं तरी आतला संपर्क सुटेना. म्हणजे डोळ्यांना मशीन बंद, प्रत्यक्षात चालू. हवा मारून साफ केलं की दोन दिवस बरं चालायचं, मग परत तेच. खोलल्यावर कारण दिसलं. संपर्काच्या टिकल्या ठिणगीने काळ्या पडून कडेला चिकटायला लागल्या होत्या. पट्टी वाकत होती ती त्यामुळेच.

यात धोका कुठे आहे तो बघा. 11,000 आरपीएमला 100 मिमी चाकाची कड सेकंदाला 57 मीटर जाते, ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. चाक अडकलं की मशीन हाताला झटका देते आणि त्या क्षणी बंद करायला एकच गोष्ट हातात असते. दुसरा प्रसंग रोजचा आहे. काम चालू असताना लाइट जाते, मशीन बाकावर ठेवलं जातं आणि अर्ध्या तासाने लाइट आली की ते स्वतःहून सुरू होऊन बाकावरून उडी मारतं. स्वस्तातल्या अस्सल मशीनमध्येही लाइट आल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय बहुतेक वेळा नसते. पण तिथे बटण मागे असेल तर मशीन बंद आहे यावर विसंबता येतं, इथे तेवढंही नाही. त्यामुळे लाइट गेली की आधी पिन काढायची, मग मशीन खाली ठेवायचं. ही सवय कुठल्याही ग्रायंडरला लावा.

हा अनुभव दोन महिन्यांनी लिहिला असता तर पूर्ण तारे दिले असते. वजनाला हलकं, कापायला जलद, आवाज ठीक. आता त्या तिन्ही गोष्टींची कारणं कळली आहेत. खोक्यावर 1.8 किलो छापलंय, काट्यावर 1.4 भरलं, कारण आत तांबं आणि लोखंड दोन्ही कमी. वेग टॅकोमीटरने मोजला तर रिकामा 12,600, पट्टीवरच्यापेक्षा जास्त. वेढे कमी घातले की अशी मोटर रिकामी जास्त पळते आणि लोडवर बसते. अँगलमध्ये चाक टेकलं की आवाज एकदम खाली जायचा, तो याच्यामुळे.

आता आतलं. सुरुवातीला वाटलं कार्बन, म्हणजे आर्मेचरला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, संपले. अस्सल कार्बनमध्ये बऱ्याचदा स्प्रिंगवाली छोटी पिन असते. कार्बन झिजला की ती बाहेर येते, कार्बन कम्युटेटरवरून (आर्मेचरच्या टोकाचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) उचलला जातो आणि मशीन आपोआप थांबतं. यात साधे कार्बन होते. ते शेवटपर्यंत झिजून स्प्रिंगच कम्युटेटरवर घासली आणि तांब्याच्या पट्ट्यांवर खोल चर पडले. कार्बन बदलून भागेल हा अंदाज तिथेच चुकला, कारण वायंडिंगही काळं पडलं होतं. जळक्या वायरचं टोक ब्लेडने खरवडलं तर आत पांढरं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे तेवढ्याच जाडीच्या वायरमध्ये तेवढ्याच करंटला उष्णता जास्त. शिवाय कम्युटेटरच्या हुकांशी त्याचा जोड ढिला पडतो आणि ठिणग्या वाढतात. फिल्डची, म्हणजे आर्मेचरभोवतीच्या स्थिर वेढ्यांची, वायरही तीच.

बेअरिंगही बघितले. कम्युटेटरच्या बाजूचं 607, म्हणजे 7 मिमी भोक, 19 मिमी बाहेरून. रबरी सीलऐवजी पत्र्याचं झाकण होतं. लोखंडाची धूळ आत गेलेली आणि ग्रीस सुकून माती झालेलं. बोटाने फिरवलं तर खरखर. हे बेअरिंग हलायला लागलं की आर्मेचर फिल्डला घासतं आणि मशीन गरम का होतंय ते कोणालाच कळत नाही.

सगळ्यात वाईट शाफ्टवर सापडलं. माहितीच्या पट्टीवर चौकोनात चौकोन छापलाय, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, म्हणून वायर दोनच तारांची, अर्थिंग नाही. हे चिन्ह तेव्हाच खरं, जेव्हा आर्मेचरच्या लोखंडी पत्र्या आणि शाफ्ट यांच्यामध्ये इन्सुलेशनची नळी असते. इथे पत्र्या थेट शाफ्टवर ठोकल्यात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असतील तर बीप देणारी सेटिंग) लावून एक टोक पत्र्यांना, एक शाफ्टला: नळी असेल तर मीटर गप्प, इथे सरळ बीप. म्हणजे वायंडिंग पत्र्यांना शॉर्ट झालं की करंट शाफ्ट, गिअर आणि पुढच्या ॲल्युमिनियमच्या डोक्यापर्यंत येणार, आणि अर्थिंग नसल्यामुळे पकडणाऱ्याच्या हातातून जमिनीत जाणार. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) लावला असला तरी तो माणसातून करंट गेल्यावरच ट्रिप होतो. ज्यांच्या बोर्डवर तोही नाही त्यांचं काय, हा विचार करून झोप उडते.

मशीन न खोलता तपासायचं असेल तर 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) घ्या. स्विच चालू ठेवून पिनच्या दोन्ही दांड्या एकत्र आणि पुढचं धातूचं डोकं यांमध्ये मोजा. 2 मेगाओहमच्या खाली आलं तर ते मशीन हातात धरू नये. मेगर चांगला आला म्हणून मशीन अस्सल ठरत नाही, एवढं लक्षात ठेवा. आमचं जळायच्या आधी नक्की पास झालं असतं. अनोळखी मशीन पहिल्यांदा चालू करताना 100 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे मशीनच्या एका तारेच्या मध्ये, जोडा. शॉर्ट असलं तरी करंट बल्बपुरताच राहील आणि बाकी काही जळणार नाही.

खोक्यात मिळालेल्या ‘मोफत’ चाकांना मधली धातूची रिंगच नव्हती. चांगल्या कटिंग व्हीलच्या रिंगवर मुदतीचा महिना आणि वर्ष असतं. रेझिनच्या चाकाची मुदत बनल्यापासून 3 वर्षं. चाकावर 80 मीटर प्रतिसेकंद आणि 15,200 च्या आसपास आरपीएम लिहिलेलं हवं. आत फायबरची जाळी नसलेलं चाक फुटलं तर तुकडे गार्डच्या बाजूने जातीलच असं नाही. आणि या मशीनचा गार्ड स्क्रूने आवळूनही फिरत होता.

दुरुस्तीचा हिशेब: तांब्याच्या वायरचं रिवायंडिंग 450, दोन बेअरिंग 140, कार्बन 60, स्विच 180. एकूण 830, आणि शाफ्टचं इन्सुलेशन तरीही येणार नाही. हे पैसे घालू नका. पैसे वाचवायची सवय मलाही आहे, म्हणूनच आकडे मांडले: 1,349 आणि 830 मिळून 2,179. म्हणजे दुकानातल्या अस्सल मशीनची किंमत.

आता भांडण. परतीची मुदत 7 दिवसांची, ती कधीच संपलेली. अधिकृत सर्व्हिस सेंटरने सिरियल नंबर टाकला, नोंदच नाही. त्यांच्याकडून जॉब कार्डवर ‘हे आमचं उत्पादन नाही’ असं लिहून घेतलं. हा कागद सगळ्यात महत्त्वाचा, तोंडी उत्तरावर परत येऊ नका. ऑनलाइन कंपनी आधी म्हणाली, विक्रेत्याशी बोला. विक्रेत्याने दुकानच बंद केलं होतं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. त्या नियमाचा उल्लेख, जॉब कार्ड, बिल आणि खरवडलेल्या वायरचा फोटो एकाच मेलमध्ये पाठवला, सोबत 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली.

नंतरची भर: एकोणिसाव्या दिवशी पूर्ण पैसे परत आले. त्यामुळे वरच्या रागाचा थोडा भाग मागे घेतो. कागद हातात असले की तक्रार चालते. नसते आले तर पुढचा रस्ता आपल्याच जिल्ह्याचा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही.

ऑनलाइन विक्रीचं पान बघताना काय चुकलं तेही सांगतो. एकाच फोटोखाली अनेक विक्रेते असतात आणि सर्वांत स्वस्त विक्रेता आपोआप निवडला जाऊ शकतो. त्याचं नाव उघडून पत्ता बघा. खरेदीदारांनी टाकलेले फोटो मोठे करून बघा. या मशीनच्या तीन वेगवेगळ्या लोकांच्या फोटोंत सिरियल नंबर एकच होता, तोच आमच्याही पट्टीवर. बनवलेल्या देशाचं नाव खोक्यावर एक, मशीनवर दुसरं. बिलावर 8467 हा एचएसएन (मालाच्या प्रकाराचा कोड) हवा, इथे हातोडीसारख्या हातहत्यारांचा 8205 होता. आणि पाच तारे देणारे जवळजवळ सगळे पहिल्या आठवड्यातले.

जुनं मशीन कोणाला देऊ नका, भंगारातही तसंच टाकू नका. वायर मुळापासून कापा आणि आर्मेचर काढून वेगळं द्या, नाहीतर नवीन वायंडिंग घालून ते परत विकलं जातं.

नवीन मशीन मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून पक्क्या बिलावर घेतलं, 2,250 रुपये. काउंटरवरच चाक न लावता चालू करून बघितलं: बटण अडकवायचं, मागून दाबायचं, असं वीस वेळा. वीसही वेळा सुटलं, आणि दरवेळी टक असा आवाज आला. जुन्याला तो आवाज पहिल्या दिवसापासूनच नव्हता.