ड्राय फ्लायसाठी जेल की पावडर? दोन्ही, पण आपापल्या वेळी

फ्लाय-फिशिंगमधली ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारं, कीटकासारखं कृत्रिम आमिष) बुडायला लागली की दोष हॅकलला (हुकाभोवती गुंडाळलेल्या पिसाच्या तंतूंना) दिला जातो. पुष्कळदा हॅकल चांगलंच असतं. फ्लोटंट (फ्लाय तरंगती ठेवणारं जेल किंवा पावडर) चुकीचं असतं, नाहीतर योग्य असूनही भलत्या वेळी लावलेलं असतं. गेर्कचं जिंक आणि लूनचं अक्वेल ही दोन जेलं, फ्रॉग्ज फॅनी ही ब्रशने लावायची पावडर आणि टीमकोची शिमाझाकी ड्राय-शेक ही हलवायची बाटली. यांतल्या कुठल्याही एकाने सगळं भागत नाही. एक जेल आणि एक पावडर मात्र खिशात हवीच.

जेल कोरड्या फ्लायसाठी. फ्लाय टिपेटला (दोरीच्या टोकाच्या बारीक धाग्याला) बांधली की पाण्यात टाकण्याआधी मोहरीच्या दाण्याएवढं जेल बोटावर घ्यायचं, चिमटीत चोळून पातळ आणि पारदर्शक होऊ द्यायचं आणि मगच लावायचं. बाटलीचं तोंड थेट फ्लायवर दाबलं तर हॅकलचे तंतू एकमेकांना चिकटतात. मग फ्लाय त्यांच्या टोकांवर उभी राहत नाही, गोळा होऊन पाण्यात बसते. 18 नंबरच्या किंवा त्याहून बारीक हुकाला तर बोटावर उरलेला ओशटपणाच पुरतो.

जिंक उन्हात पाण्यासारखं पातळ होतं आणि गारठ्यात घट्ट होतं. थंडीत बाटली थोडा वेळ मुठीत धरली की काम होतं. बाटली उलटी अडकवायच्या होल्डरमध्ये जेल कायम तोंडाशी राहतं, ही मोठी सोय. पण कडक उन्हात तीच बाटली गळते, तेव्हा ती सरळ ठेवावी. अक्वेल तापमानाबरोबर तितकं बदलत नाही, म्हणून सकाळी गारठा आणि दुपारी ऊन अशा दिवशी तेच हाताशी बरं. फ्लाय तरंगवण्यात मात्र दोन्हींत निवडण्याजोगा फरक नाही.

कुठे लावायचं हेही फ्लाय पाहून ठरवावं. एल्क हेअर कॅडिसला (एल्कच्या केसांचे पंख असलेल्या फ्लायला) पंख, अंग, हॅकल असं सगळीकडे चालतं. खळाळत्या पाण्यात ती जितकी उंच राहील तितकी बरी. क्लिंकहॅमर या फ्लायचं तसं नाही. हान्स व्हान क्लिंकेन यांनी ती रचलीच अशी, की वरचा पोस्ट (उभा तुरा) आणि पॅराशूट हॅकल (त्याभोवती आडवं गुंडाळलेलं) पृष्ठभागावर राहावं आणि वाकडं पोट पाण्याखाली लोंबावं. पोटाला जेल लागलं की तेही वर येतं आणि फ्लायचा मुद्दाच संपतो. संथ डोहातला चोखंदळ ट्राउट अशी आडवी पडलेली फ्लाय जवळून बघतो आणि सोडून देतो.

सीडीसीला जेल अजिबात लावू नये. बदकाच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीभोवतालची ही पिसं त्यांच्या बारीक तंतूंत हवा धरतात, म्हणून तरंगतात. जेलने ते तंतू चिकटले की हवेला जागाच उरत नाही. इथे फक्त पावडर.

पावडरीचा खरा कस लागतो मासा सोडल्यानंतर. फ्लाय तेव्हा पाण्याने भिजलेली आणि माशाच्या बुळबुळीत स्रावाने माखलेली असते. त्यावर जेल चोपडलं तर ओल आतच कोंडली जाते आणि दोन-तीन कास्टमध्ये (फेकींमध्ये) फ्लाय पुन्हा बुडते. आधी फ्लाय नदीत खळबळून स्राव धुवायचा, मग अमाडूच्या (पाणी शोषणाऱ्या वाळवलेल्या बुरशीच्या) किंवा सुती कापडाच्या घडीत दाबून पाणी टिपायचं. ओढून पुसायचं नाही, हॅकल वाकतं. नंतर फ्रॉग्ज फॅनीचा ब्रश तंतूंच्या मुळापर्यंत नेऊन पावडर भरायची, फुंकर मारायची आणि दोन फॉल्स कास्ट (फ्लाय पाण्याला न टेकवता हवेतच मागे-पुढे फेकणं) घ्यायचे. जास्तीची पावडर उडून जाते आणि गडद फ्लायवरची पांढरी झाकही बरीच जाते. पावडर अतिशय हलकी असते. वारा पाठीमागून घ्यावा, नाकातोंडात जाऊ देऊ नये.

ड्राय-शेकमध्ये टिपणं आणि पावडर लावणं एकदमच होतं. टिपेट न कापता फ्लाय बाटलीत सोडायची, झाकण टिपेट दबणार नाही इतपत लावून दहा-एक सेकंद हलवायची. वेळ वाचतो, मासे वर येत असताना तर फारच. पण निथळती फ्लाय वारंवार आत गेली की आतला शोषक ओला होत जातो आणि बाटली लवकर निकामी होते. म्हणून आधी टिपून घेण्याची पायरी इथेही चुकवू नये. फ्लाय बाहेर काढली की झाकण लगेच घट्ट लावावं. नुसत्या दमट हवेनेही माल खराब होतो.

फ्लाय आदल्या दिवशी द्रव फ्लोटंटमध्ये बुडवून रात्रभर वाळवली तर नदीवरचं काम बरंच हलकं होतं. सीडीसी त्यातून वगळावी.

जेलचा हात टिपेटला लागणार नाही, याची काळजी घ्यावी. ओशट टिपेट पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतं, तिथे खळगा पाडतं आणि उथळ, निवळ पाण्यात त्याची सावली तळावर उमटते. ओशटपणा जाऊन ते बुडावं म्हणून फ्लायजवळचं 30 सेंटिमीटर टिपेट मुलतानी माती, भांड्यांचा द्रव साबण आणि ग्लिसरीन यांच्या घट्ट लगद्याने चोळून घ्यावं. हा लगदा वेगळ्या झाकणबंद डबीत, जेलपासून दुसऱ्या खिशात ठेवावा आणि फ्लाय बदलली की टिपेटला पुन्हा लावावा.