बाइंडिंग पक्कं, समास गायब

दुकानाचं नाव देत नाही, कारण कौतुकासोबत तक्रारही आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ चौकशी केलीत की दोन-तीन बाइंडर सापडतील, त्यातलाच एक.

माझी 'स्मृतिचित्रे'ची, म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राची, प्रत कॉलेजात असताना घेतलेली. कण्याचा दोरा कुजून फर्मे, म्हणजे घडी घालून शिवलेले पानांचे गठ्ठे, सुटे झाले होते, रबरबँड लावून ठेवत होते. बाइंडरने पुस्तक हातात घेऊन नुसतं टेबलावर सोडलं. ते सुरुवातीलाच उघडलं. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दर वेळी वेगळ्याच जागी. "काकू, हे खूप वाचलंय. एकदाच वाचलेलं पुस्तक असं ठिकठिकाणी मोडत नाही." मी तीस वर्षं प्रुफं तपासली, पण पुस्तकाची ही परीक्षा मला कोणी शिकवली नव्हती.

सुरुवातीला का मोडलं, ते मला माहीत आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं तिथे आहे. एकोणिसाव्या वर्षी ते वाचून मी हसून लोळले होते. चाळिशीत परत वाचलं तेव्हा लक्षात आलं, की त्या सोवळ्याच्या आधी आजोबांची फाशी आहे, सत्तावनच्या बंडातली. माणूस भेदरलाय आणि धूत सुटलाय. मजकूर तोच, आधीही तिथेच होता, मीच तो ओलांडून विनोदाकडे धावले होते. आणि बाईंनी तरी कुठे थांबून सांगितलंय, बघा, हे दुःख आहे म्हणून! सांगितलं असतं तर एका वाचनात काम संपलं असतं. शेवट कळला की ज्यात काही उरत नाही, अशी पुस्तकं मी रद्दीत देते, बिनदिक्कत.

आता कामाबद्दल. फर्म्यांच्या फाटलेल्या घड्यांना पातळ कागदाची पट्टी लावून दोऱ्याने नव्याने शिवलंय. पुस्तक टेबलावर सपाट उघडतं, हात ठेवून दाबावं लागत नाही. सोबत एक कादंबरीही दिली होती, ती नुसत्या गोंदावर चिकटवलेली होती. तिला घड्याच नाहीत, त्यामुळे बाजूने टाके घालावे लागले आणि आतला समास त्यात गेला. हे त्याने आधीच सांगितलं होतं, तक्रार नाही. दोन्हींचे मिळून साडेपाचशे. आठ दिवस म्हणाला, सतरा लागले. पुण्यात हे वेळेवरच धरायचं.

तक्रार अशी, की न विचारता त्याने 'स्मृतिचित्रे'च्या तिन्ही कडा मशीनवर कापल्या. कडा गुळगुळीत झाल्या खऱ्या, पण समासातल्या माझ्या पेन्सिलीच्या नोंदी अर्ध्या झाल्या. सोवळ्याच्या पानावर मी मुलगी असताना लिहिलेलं 'किती विनोदी!' होतं, तिथे आता 'किती वि' उरलंय. त्याच्याखाली चाळिशीतली नोंद होती, ती सबंध गेली. मी दाखवल्यावर तो ओशाळला, "काकू, मला वाटलं पोरांनी गिरगटलंय." पन्नास रुपये कमी करायला निघाला होता, मी घेतले नाहीत.

पुढच्या आठवड्यात बहिणाबाईंच्या कविता नेऊन देणार आहे त्याच्याकडेच. पहिल्या पानावर लाल शाईत चिठ्ठी डकवली आहे: कडा कापू नयेत.