घरातली पटिंग मॅट: घ्या, पण होल झाकून ठेवा

गोल्फमध्ये बॉल हलकेच घरंगळत होलमध्ये घालायचा फटका म्हणजे पट. त्याच्या घरच्या सरावाची पटिंग मॅट ऑनलाइन शोधायला गेलं की बहुतेक माल एकाच साच्यातला निघतो. नऊ-दहा फूट लांब आणि फूटभर रुंद हिरवी पट्टी, टोकाला लाकडाचा किंवा एमडीएफचा चढाव, त्यात एक-दोन होल आणि बाजूने बॉल परत आणणारी पन्हळ. तीन-चार हजारांत बऱ्यापैकी मॅट मिळते. सोफा थोडा सरकवला की मुंबईतल्या मध्यम हॉलमध्ये ती मावते. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, विलिंग्डन किंवा कुलाब्याचा यूएस क्लब या क्लबांचं सभासदत्व नसलेल्याला ग्रीनसाठी (होलभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) खारघर व्हॅली गोल्फ कोर्स गाठावा लागतो. अशा माणसाला रोज पटर (पट मारायची काठी) हातात धरायची सोय म्हणून ही वस्तू नक्कीच घेण्यासारखी आहे. वस्तू म्हणून पाचपैकी साडेतीन गुण द्यायला हरकत नाही. तिच्याबरोबर घरात येणाऱ्या अपेक्षेला मात्र मी शून्य देईन.

मुख्य दोष चढावाचा. बॉलला होलमध्ये पडण्याआधी साधारण पाच सेंटीमीटर वर चढावं लागतं. एवढं चढून जेमतेम काठावर पोचायलाही चढावाच्या पायथ्याशी बॉलचा वेग सेकंदाला सुमारे ०.८४ मीटर असावा लागतो. तोच बॉल त्याच वेगाने १० स्टिंपच्या (स्टिंप हे ग्रीनच्या वेगाचं माप) सपाट ग्रीनवर होल चुकवून गेला, तर सुमारे दोन फूट पुढे जाऊन थांबेल. हा झाला कमीत कमी वेग. घरी कोणी जेमतेम मारत नाही. बॉल खणकन मागच्या फळीवर आपटून परत आला की बरं वाटतं, आणि हात त्याच वेगाला सरावतो. सेकंदाला १.२ मीटर वेगाने पायथ्याशी आलेला बॉल मॅटवर बिनबोभाट आत पडतो, पण ग्रीनवर चुकला तर होलपुढे चार फुटांहून लांब जातो. म्हणजे मॅटवर 'मस्त पट' ठरलेला तोच फटका कोर्सवर थ्री-पटची, म्हणजे एका होलला तीन पट लागण्याची, सुरुवात असतो. ग्रीनवर हवा असतो तो चुकल्यास फूट-दीड फूट पुढे जाईल इतकाच वेग. शिवाय बॉल जितका जोरात येईल तितकं होल त्याच्यासाठी लहान होत जातं, कारण काठाला लागलेला बॉल आत न वळता उडून बाहेर जातो.

दुसरा दोष मॅटच्या हातात नाही, आपल्या डोक्यात आहे. छापील सरळ रेषा, शून्य उतार, तेच अंतर, तोच वेग आणि बॉल आपोआप पायाशी परत. अशा सोयीत दहातले नऊ पट पडायला लागतात आणि रविवारी ग्रीनवर आठ फुटांचा पट चुकला की माणूस स्वतःवर चिडतो. पीजीए टूर या अमेरिकी व्यावसायिक मालिकेतले खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. १० फुटांवरून ४० टक्क्यांच्या आसपास, २० फुटांवरून १५ आणि ३० फुटांवरून सातेक टक्के. टीव्हीवर पडलेलेच पट जास्त दिसतात, म्हणून हे आकडे कमी वाटतात. १८ होलच्या राउंडला साधारण ९० फटके मारणाऱ्या हौशी खेळाडूचे पाच फुटांवरून निम्मे पट पडतात, आठ फुटांवरून चारातला एखादा आणि २० फुटांवरून शंभरातले सहा. चार फुटांवरून तीनातले दोन. मघाचा चार फूट पुढे गेलेला बॉल इथे महागात पडतो.

हेच गणित थोडं पुढे न्या. आठ फुटांवरून २७ टक्के पट घालणारा खेळाडू लागोपाठ तीन पट चुकण्याची शक्यता ३९ टक्के येते. म्हणजे पाचातल्या जवळजवळ दोन वेळा असं घडणारच. त्यात स्ट्रोक बिघडल्याचा काही पुरावा नाही. तरी नवव्या होलपर्यंत ग्रिप बदलते, स्टान्स बदलतो, अठराव्यानंतर नवा पटर बघायची भाषा सुरू होते. पटर विकणाऱ्यांचा धंदा बराचसा या ३९ टक्क्यांवर चालतो, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

आता मॅटचा खरा उपयोग. बॉल कोणत्या दिशेने निघाला हे तपासायला तिच्यासारखी स्वस्त सोय नाही. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. १० फुटांवरच्या सरळ पटसाठी मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना एकेक अंशाचीच मुभा मिळते, त्याहून जास्त हलला की बॉल काठाबाहेर. सहा फुटांवर ही मुभा १.७ अंश होते, तीन फुटांवर ३.४. आणि बॉलची सुरुवातीची दिशा ठरवण्यात पटरचा चेहरा (बॉलला लागणारी सपाट बाजू) कुठे बघतो याचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त असतो. पटर कुठून कुठे फिरला याचा परिणाम त्यामानाने थोडाच. हाताचा झोका सरळ आहे की कमानीतला, यावर तासन् तास वाद घालणाऱ्यांनी आधी चेहरा तपासावा.

त्यासाठी घरातल्या कॅरमच्या सोंगट्या घ्या. तीन-तीन सोंगट्यांच्या दोन चळती लावा. तीनच का, तर एकट्या सोंगटीची उंची आठेक मिलिमीटर असते. बॉलचा सर्वांत रुंद भाग जमिनीपासून २१ मिलिमीटरवर असतो, म्हणून एकच सोंगटी ठेवली तर फुगलेला भाग तिच्या वरून निघून जातो आणि चळतींमधलं दार चुकीचा फटकाही पास करतं. बॉलपासून ५० सेंटीमीटर पुढे या दोन चळती ठेवा, मधलं अंतर ६० मिलिमीटर. बॉल सुमारे ४३ मिलिमीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेआठ मिलिमीटर उरतात. हाच तो एक अंश. सोंगट्यांना न लागता बॉल निघाला तर १० फुटांचा सरळ पट दिशेच्या बाजूने बरोबर होता. उजवी चळत पडत असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेहरा उघडा राहतोय, डावी पडत असेल तर बंद होतोय. नेहमी एकच बाजू पडत असेल तर बहुतेक वेळा दोष स्ट्रोकमध्ये नसून उभं राहण्यात असतो. बॉलच्या मागून रेषा बघून पटर टेकवा आणि मग चेहरा रेषेला काटकोनात आहे का ते दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगा. आपल्याला सरळ दिसतं ते बऱ्याचदा सरळ नसतं.

आणि हे करताना होलवर पुठ्ठा ठेवा. गुण सोंगट्यांवरून मोजायचे, होलवरून नाही. दहा बॉल, किती पार गेले तेवढंच लिहायचं. होल उघडं ठेवलं की डोळे बॉलच्या मागे आधीच पळतात, मान उठते आणि खांदा उघडतो.

वेगाचा सराव या मॅटवर करायचा असेल तर चढाव काढून टाका. काढता येत नसेल तर उलट्या टोकाकडे मारा. तीन, सहा आणि आठ फुटांवर रंगीत टेपच्या रेषा चिकटवा. पहिला बॉल तीन फुटांच्या रेषेवर थांबवायचा, दुसरा सहावर, तिसरा आठवर. मग उलट क्रमाने. मॅटच्या लवीला दिशा असते. लव झुकली असेल त्या दिशेने बॉल जास्त पळतो, उलट मारला तर लवकर थांबतो, म्हणून कुठल्या टोकाकडून मारताय ते ठरवून ठेवा.

'ट्रू स्पीड', 'टूर स्पीड' असं खोक्यावर काहीही छापलेलं असो, मॅटचा वेग स्वतः मोजा. स्टिंपमीटर ही ३६ इंचांची ॲल्युमिनियमची पन्हळ असते. तिच्या टेकलेल्या टोकापासून ३० इंचांवर खाच असते आणि पन्हळ साधारण २० अंश उचलली की बॉल खाचेतून सुटतो. एडवर्ड स्टिम्पसनने १९३५ मध्ये ती बनवली, अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, यूएसजीएने, १९७६ मध्ये तिला आताचं रूप दिलं. बॉल जितके फूट पळाला तितका स्टिंप. घरी इलेक्ट्रिकच्या दुकानातून ५० मिलिमीटर रुंदीची सपाट तळाची पीव्हीसी ट्रंकिंग आणा. काटकोनी ॲल्युमिनियम अँगल नको, त्यात बॉल दोन्ही भिंतींवर टेकतो, जागच्या जागी जास्त फिरतो आणि टोकाला वेग कमी मिळतो. नऊ फुटांची मॅट पुरी लांबी मोजायला अपुरी पडते, म्हणून बॉल ३० ऐवजी १५ इंचांवरून सोडा आणि अंतर दुप्पट करा. २० अंशांसाठी १५ इंचांच्या खुणेशी पट्टीची उंची पाच इंचांहून किंचित जास्त येते. लवीच्या दोन्ही दिशांनी तीन-तीनदा सोडून सरासरी काढा. आपल्याकडचे बरेचसे क्लब रोजच्या खेळाला ८ ते १० च्या आसपास चालतात आणि पावसाळ्यात गवत उंच ठेवावं लागतं म्हणून त्याहून मंद होतात. घरची मॅट १२ निघाली तर जून ते सप्टेंबर तुमचे सगळे पट तोकडे पडणार. दोष नशिबाचा नाही, मॅटचा.

अजून एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गोल्फ बुटांचा तळ दोन-अडीच सेंटीमीटर जाड असतो. घरात आपण अनवाणी, टाइलवर उभे, आणि बॉल मात्र मॅटच्या पाऊण-एक सेंटीमीटर जाडीवर. बॉल पायांच्या मानाने तीनेक सेंटीमीटर वर आला. मग माणूस नकळत पटर खाली धरतो किंवा कोपर वाकवतो, डोळे बॉलवरून आत सरकतात आणि घरी पक्का झालेला स्टान्स कोर्सवर वेगळाच होतो. घरात बूट चालत नसतील, आणि मराठी घरात चालणार नाहीतच, तर पायांखाली योगा मॅट दुमडून घाला. बॉलपेक्षा पाय किंचित वर आले पाहिजेत.

जमीन तपासायला ॲपची गरज नाही. टाइलवर बॉल अगदी हळू सोडा, आधी एका बाजूने, मग उलट. जुन्या इमारतीतल्या मोझॅक फरशीला गॅलरीकडे उतार असणं नेहमीचंच. उतार असेल तर तो ओळखून तिथेच ब्रेकचा (उतारामुळे बॉल वळण्याचा) सराव करा, पुठ्ठे घालून सपाट करायचा खटाटोप नको.

आवाजाचं मात्र आधीच बघा. लाकडी पन्हळीतून येणारा बॉल आणि एमडीएफवरची टकटक रात्री दहानंतर खालच्या मजल्यावर व्यवस्थित पोचते, आणि खालचे काका सोसायटीच्या सभेत ते विसरत नाहीत. फळीला आतून फेल्टचा तुकडा चिकटवला की बराच फरक पडतो. बॅटरीवर बॉल फेकून देणारे कप त्याहून गोंगाटी असतात आणि त्यांचा काठ इतका उंच असतो की चढावाचा दोष तिथेही आहेच. ते घेऊच नका.

पावसाळ्यात रबरी पाठ ओलसर फरशीला चिकटून वास मारते, एमडीएफ फुगतो आणि पन्हळीचा जोड उघडतो. वापर झाला की मॅट लव बाहेरच्या बाजूला ठेवून जाड नळीवर गुंडाळा. लव आत ठेवून घट्ट गुंडाळली की टोकं कायमची वर वळतात आणि बॉल शेवटच्या फुटात उडी मारतो. वळलीच तर उलटी पसरून रात्रभर वजन ठेवा. इस्त्री फिरवू नका, लव वितळते.

मॅट शिकवू शकत नाही ती गोष्ट म्हणजे लांबचा पट, आणि ९० मारणाऱ्याचे पटिंगमधले बरेच फटके तिथे वाया जातात. ३० फुटांवरून अंतराच्या अंदाजात १० टक्के चूक म्हणजे तीन फूट. २० टक्के चूक म्हणजे सहा फूट, आणि सहा फुटांवरून त्याचे निम्म्याहून कमी पट पडतात. म्हणून ३० फुटांवर अपेक्षा होलमध्ये घालायची नाही, तीन फुटांच्या वर्तुळात थांबवायची ठेवावी. टी-ऑफआधी (राउंडच्या पहिल्या फटक्याआधी) दहा मिनिटं मिळाली तर सहा मिनिटं सरावाच्या ग्रीनवर ३० फुटांना द्या, होलकडे न मारता ग्रीनच्या कडेकडे मारून. उरलेली चार मिनिटं तीन फुटांना. आठ फुटांचे पट टी-ऑफआधी मारूच नका. त्यातले बहुतेक चुकणार आणि पहिल्या टीवर तेच डोक्यात राहणार.

गवताची दिशाही मॅटवर कळत नाही. आपल्या हवेत ग्रीनवर बहुतेक बर्म्युडाच्या जाती असतात, दूर्वांच्याच कुळातल्या. ग्रीन चमकदार दिसत असेल तर गवत तुमच्यापासून लांब झुकलंय आणि बॉल पळणार. गडद दिसत असेल तर बॉल अडणार. शंका असेल तर होलचा काठ बघा. गवत ज्या बाजूकडे झुकतं तिकडचा काठ विस्कटलेला असतो. खारघरला सकाळी कॅडीला (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाला) विचारलंत तर तो हे न वाकताच सांगेल.

विकत घेताना चढाव नसलेली, निदान दहा फुटांची आणि दीड फूट रुंद साधी मॅट मिळाली तर तीच घ्या. रेषा कमी असतील तेवढं चांगलं. चढावाचीच घ्यायची असेल तर उंची पाच सेंटीमीटरपेक्षा कमी आणि होलचा व्यास १०८ मिलिमीटर आहे का ते वर्णनात बघा. काही विक्रेते फक्त 'स्टँडर्ड' लिहून मोकळे होतात. माल आल्यावर परतीची मुदत संपायच्या आत खोकं फोडून मॅट दोन दिवस पसरून ठेवा, मग टोकं मोजपट्टीने तपासा. तेव्हाही एक सेंटीमीटरपेक्षा वर उचललेली असतील तर परत करा.