ग्राम सुरक्षा यंत्रणा : मळ्यात राहणाऱ्या बाईचा अभिप्राय

ग्राम सुरक्षा यंत्रणा हे नाव ऐकून आमच्या सासूबाईंना वाटलं होतं, मारुतीच्या देवळावर भोंगा बसणार. तसलं काही नाही. ॲप नाही, डबा नाही, वायर नाही. १८००२७०३६०० हा एक टोल फ्री नंबर आहे. यादीत नाव असलेल्या माणसाने त्यावर फोन करायचा, काय झालंय ते बोलायचं, की त्याचाच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर लगोलग वाजतो. साधा बटणांचा फोन असला तरी चालतं. नाशिकच्या डी. के. गोर्डे यांची ही यंत्रणा पुणे, नाशिक, अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांत पोलीस आणि ग्रामपंचायतींनी मिळून गावोगाव नेली.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. मी गावठाणात नाही, मळ्यात राहते. चारी बाजूंनी ऊस, दारात गाई, आणि सगळ्यात जवळचं घर हाकेच्या पलीकडे. तेव्हा हा अभिप्राय वस्तीवरच्या माणसाचा समजा. गावठाणात कुणी नुसतं ओरडलं तरी आळी उठते, त्यांना याचं एवढं अप्रूप नसेल.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, की व्हॉट्सॲप ग्रुप असताना हे कशाला? रात्री दोन वाजता ग्रुपवर 'चोर आलेत' टाकून बघा. सकाळी सहाला तीन अंगठे येतील आणि एक 'शुभ सकाळ'. रात्री नेट बंद, ग्रुप म्यूट, आणि म्हाताऱ्या माणसांकडे मुळात व्हॉट्सॲपच नाही. फोन वाजला की माणूस शिव्या घालत का होईना, उठतो.

याचा खरा उपयोग मी केबलचोरीत पाहिला. नदीवरच्या मोटारींची केबल हे आमच्याकडचं जुनं दुखणं. चोर केबल तोडतात, उसाच्या आड नेऊन वरचं प्लास्टिक जाळतात आणि तांबं तेवढं घेऊन जातात. सकाळी मोटार चालू करायला गेलं की काळी राख आणि जळका वास. वर ऐन उन्हाळ्यात नवी केबल घ्यायची म्हणजे उसनवारी आलीच.

त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज रात्रीची होती. शेजारच्या मळ्यातले भाऊ मोटार चालू करायला नदीवर गेले आणि त्यांना माणसं दिसली. ते तिथे ओरडले नाहीत. मागे येऊन उसात बसले आणि फोन लावला. माझा फोन वाजला तेव्हा त्यांचा आवाज अगदी हळू, पण शब्द सुटे सुटे: "नदीच्या मोटारींवर केबल तोडतायत. तिघं आहेत. पिकअप उभी आहे, लाइट बंद. बंधाऱ्याचा रस्ता अडवा." हेच दोनदा. आधी जागा, मग काय चाललंय, मग लोकांनी काय करायचं. घाबरलेला माणूस नेमकं उलटं बोलतो, आधी "अरे पळा पळा" आणि जागेचं नावच नाही. पोलीस पाटलांनी ग्रामसभेत हे दोन-तीनदा घोकून घेतलं होतं, तेव्हा लोक हसले होते.

मी घरातले, गोठ्यातले सगळे दिवे लावले. दिरांनी ट्रॅक्टर बंधाऱ्याच्या तोंडाशी आडवा घातला. वरच्या वाटेला गावठाणातली पोरं मोटारसायकली लावून उभी राहिली, हेडलाइट चालू ठेवून. पिकअप बंधाऱ्यापर्यंत आली आणि थांबली. दोघं उसात पळाले, ड्रायव्हर गाडीतच सापडला. दरम्यान कुणीतरी पोलिसांचा ११२ लावलेला होता, आणि तसंही पोलीस ठाण्यातले नंबर आमच्या गावाने यादीत घालून घेतलेत, त्यामुळे पोलिसांची गाडी निघालेलीच होती. केबलची वेटोळी गाडीत तशीच मिळाली. मुद्देमाल म्हणून ती जमा झाली, कोर्टाचा हुकूम होऊन परत मिळेपर्यंत भाऊंनी नवी घेतली होती, कारण ऊस काही कोर्टाच्या तारखेला थांबत नाही. पण त्या उन्हाळ्यात पुन्हा आमच्या बाजूला कुणी फिरकलं नाही.

त्या ड्रायव्हरला कुणी हात लावला नाही, आणि या सेवेबद्दल मला मुख्य सांगायचंय ते इथेच. एका फोनवर शंभर माणसं काठ्या घेऊन बाहेर काढणारी वस्तू ही जपूनच वापरायला हवी. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते आठवा. भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा, आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. तिथे लोक जमायला काही कमी पडलं नव्हतं. म्हणून नुसतं "गाव जागं होतं" या कौतुकावर मी स्टार देत नाही. आमच्याकडे यंत्रणा सुरू करताना ठाण्याच्या साहेबांनी बैठकीत बजावलं होतं की वाट अडवायची, दिवे लावायचे, गाडीचा नंबर बघायचा, अंगाला हात लावायचा नाही. मारहाण झाली तर गुन्हा गावावर. पोलीस पाटील, सरपंच, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष असे सगळे एका सतरंजीवर बसून हे ठरलं. ती बैठक न घेता एखाद्या गावाने नुसते नंबर नोंदवले, तर त्या गावाला ही सेवा मी देऊच नये म्हणेन.

२०२४ च्या जून-जुलैमध्ये याची परीक्षाच झाली. आमच्या भागात, तिकडे बीड, जालना, संभाजीनगरकडेही, रात्री आकाशात ड्रोन फिरतात, ते चोरांचे आहेत, अशी हवा उठली होती. एका पोराने उत्साहात ड्रोनचा संदेश सोडला. अर्धं गाव माना वर करून रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांनी त्याला चहा पाजून चांगला झापला. ठरलं असं की आकाशात काही दिसलं तर ११२ ला सांगायचं. जमिनीवर माणूस, आग, पाणी किंवा बिबट्या असेल तरच गाव उठवायचं. खोटे संदेश वाढले की खऱ्याला कुणी उठणार नाही, हे कळायला शाळा लागत नाही.

बिबट्याच्या बाबतीत तर ही सेवा वस्तीवरच्या बाईला फार मोठी आहे. पहाटे धारा काढून दूध घालायला निघायच्या वेळी 'ओढ्याच्या कडेला पिल्लांसह मादी दिसली' एवढं कळलं तरी बस होतं. त्या दिवशी डेअरीवर उशिरा जायचं, पोरांना शाळेला एकटं सोडायचं नाही. वनखात्याची माणसं येऊन पिंजरा लावतील ते लावतील, तोवर आपला जीव आपण सांभाळायचा. ग्रामसभेचे आणि लसीकरणाचे निरोपही यावरून येतात. ते बेताने आले तर ठीक, नाहीतर लोक नंबर बघूनच फोन कापायला लागतील.

आता कापलेला स्टार. हा यंत्रणेचा कमी आणि गावाचा जास्त. नोंदणीच्या वेळी प्रत्येक घरातून एक नंबर दिला, तो अर्थातच कर्त्या पुरुषाचा. आमच्याकडचे निम्मे कर्ते पुरुष रांजणगाव एमआयडीसीत थर्ड शिफ्टला. म्हणजे मळ्यात चोर शिरणार आणि फोन वाजणार कंपनीच्या लॉकरमध्ये! घरात कोण आहे? सासू, सून आणि पोरं. त्यांचा नंबर यादीतच नाही. हे बचत गटाच्या बैठकीत निघालं, मग आम्ही बायकांनी ग्रामसेवकांकडे जाऊन प्रत्येक वस्तीवरच्या एका तरी बाईचा नंबर घालून घेतला. केबलच्या रात्री माझा फोन वाजला तो त्यामुळे. शिवाय लोक सिम बदलतात आणि यादीतला नंबर कुणी बदलत नाही. गावाने दिवाळीला एकदा यादी वाचून काढली तरी पुरे, पण ते काम कुणाचं हे ठरत नाही, आणि न ठरलेलं काम कोण करतं?

दुसरी अडचण नदीची. घोडच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे अहिल्यानगर. चोराला बंधारा ओलांडला की जिल्हा बदलतो, ठाणं बदलतं. पळालेले ते दोघं पलीकडेच गेले. समोरच्या गावाने अजून नोंदणी केलेली नाही, सरपंचबाई म्हणतात पुढच्या ग्रामसभेत विषय घेऊ. तोवर आमच्या पोलीस पाटलांनी तिकडच्या पोलीस पाटलांचा नंबर आमच्याच यादीत घातलाय. नियमात बसतं की नाही ते विचारायला कुणी गेलं नाही.