सुलाच्या वाइन आणि आमचा रोजचा स्वयंपाक: काही महिन्यांचा अनुभव

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, पण परवाच्या बाटलीनंतर राहवलं नाही. नाशिकच्या सुला कंपनीची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन उघडली, तर अननसाऐवजी शिजवून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आला. रंगही गडद पिवळ्याकडे झुकलेला. बाटलीवरचं साल, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष, पाहिलं, चांगलंच जुनं निघालं. ज्या दुकानातून घेतली तिथे बाटल्या काचेला लागून, दुपारच्या उन्हात उभ्या असतात. परत करायला गेले तर मालक म्हणाला, "ताई, वाइन जुनी झाली की चांगलीच होते." हे साफ चुकीचं आहे. शेनिन आणि सॉव्हिन्यों या हलक्या पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या असतात. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे नव्या सालची बाटली मिळायला फार थांबावंही लागत नाही. हजाराच्या आसपास मोजलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत, आणि त्याचा राग अजून आहे. साल बघितल्याशिवाय बाटली घेऊ नका.

आता वाइनबद्दल. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते सॉव्हिन्यों ब्लाँमधल्या ढोबळी मिरचीबद्दल.

सुलाने २००० साली बाजारात पाऊल टाकलं तेच शेनिन आणि सॉव्हिन्यों घेऊन, त्यामुळे या दोघींची ओळख करून द्यायला नको. पण सॉव्हिन्यों पेल्यात ओतल्यावर पहिला वास येतो तो कच्च्या ढोबळी मिरचीचा. मिरची मधोमध चिरून बियांजवळचा पांढरा भाग हुंगून पाहा, थेट तोच. हा भास नव्हे. मिरचीला तो वास देणारी पायरॅझिन नावाची संयुगं सॉव्हिन्योंच्या द्राक्षातही असतात आणि फळ पिकत जाईल तशी कमी होतात. मला तो सुरुवातीला सहन होत नव्हता. चिकन टिक्का, पनीर, शेवपुरी, कशाबरोबरही घेतली तरी ती मिरची मध्ये यायची. या बाटलीला मी मनातल्या मनात नापास करून टाकलं होतं.

मग एका संध्याकाळी कोथिंबीर वडी तळली होती. कडा कुरकुरीत, वर तीळ, आत हिरवीगार कोथिंबीर आणि लसूण-मिरचीचं वाटण. त्यावर थंडगार सॉव्हिन्योंचा घोट घेतला आणि तीच मिरची कोथिंबिरीला जाऊन मिळाली. वाइनच्या आंबटपणाने जिभेवरचं तेल धुतलं, पुढची वडी पुन्हा पहिल्यासारखी लागली. तेव्हापासून हिरव्या वाटणाचं जे जे होतं त्याबरोबर हीच काढते. हिरवी चटणी भरलेल्या पापलेटाबरोबर तर इतकी सुंदर लागते की आमच्याकडे पाहुण्यांना आता हाच बेत असतो.

खोबऱ्याच्या रसात मात्र ही फिकी पडते. कोलंबीच्या कालवणाला शेनिनच हवी. तिच्यात किंचित गोडवा आहे आणि तिखटाशी तोच जुळतो, कारण अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं आणि गोडवा ती शमवतो. "मसालेदार जेवणाबरोबर छान" असा सरसकट सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, त्याचा मला मनापासून वैताग येतो. तांबडा रस्सा, काळ्या वाटणाचं सुकं आणि कोकणी कालवण यांत साम्य काय? सोलकढी असेल त्या दिवशी तर बाटली उघडूच नका. कोकमाच्या आंबटापुढे कुठलीही वाइन मिळमिळीत लागते.

सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ ही रेड वाइन नवऱ्याची आवडती. त्याने ती तळलेल्या बोंबलाबरोबर घेतली आणि तोंडात लोखंडाची चव राहिली. रेड वाइनमधल्या लोहाचं माशाशी पटत नाही. तीच शिराझ भाजलेलं सुकं खोबरं आणि भरपूर काळी मिरी घातलेल्या सुक्या मटणाबरोबर दमदार लागते, कारण तिला स्वतःलाच मिरीचा वास आहे. फक्त आधी वीसेक मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीतली रेड वाइन नुसती दारूसारखी झोंबते.

लेट हार्वेस्ट ही सुलाची गोड वाइन पुरणपोळीबरोबर घेतली, जमली नाही. गोड पदार्थाहून वाइन जास्त गोड असावी लागते, गुळापुढे ती आंबट झाली. खारवलेल्या काजूंबरोबर खूप आवडली.

खर्चाचं म्हणाल, तर फिरकीच्या झाकणाने मोठी सोय केली आहे. ७५० मिलिलीटरमध्ये पाच पेले होतात, आम्ही दोघं एका बैठकीत एवढी पीत नाही. झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली की पांढरी तीन दिवस नीट राहते. सॉव्हिन्योंमधली मिरची दुसऱ्या दिवशी जरा मवाळ होते, तेव्हा ज्यांना तो वास नकोसा वाटतो त्यांनी दुसऱ्या दिवशीचा पेला घेऊन पाहावा. मला आता पहिल्या दिवशीचाच आवडतो. पुढची शेनिन मी गर्दीच्या, माल लवकर खपणाऱ्या दुकानातून घेणार आहे, आणि तीही आतल्या कपाटातली मागून.