मुलीचा हबोनीम द्रोरचा समर कॅम्प: उन्हाळा आणि हिवाळा सरल्यानंतरचा अनुभव

मूल कॅम्पहून घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या अभिप्रायावर मी स्वतः फारसा भरवसा ठेवत नाही. तेव्हा घसा बसलेला असतो, गाणी थांबत नाहीत, मैत्रिणींच्या आठवणीने डोळे भरून येतात आणि सगळंच जगात भारी असतं. म्हणून मुद्दाम थांबले. आता बर्फ वितळायला लागलाय, पुढच्या उन्हाळ्याचे अर्ज सुरू आहेत, आणि काय टिकलं, काय नाही, हे सांगता येईल असं वाटतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. माझं माहेर ठाण्याचं, शार हशमाइम सिनेगॉगच्या आसपास वाढलेली मी. लग्नानंतर न्यू जर्सीत आले. मुलगी चौदा वर्षांची. हबोनीम द्रोर या ज्यू युवा चळवळीच्या अमेरिकेतल्या एका कॅम्पला ती तीन आठवडे राहिली. कॅम्पचं नाव लिहीत नाही, कारण गोष्टी लहान मुलांच्या आहेत.

आधी थोडी ओळख. हबोनीमची सुरुवात 1929 मध्ये लंडनला झाली, अमेरिकेत ती 1935 मध्ये आली, पुढे द्रोर या मूळच्या पूर्व युरोपातल्या चळवळीशी ती एक झाली. मुंबईतही एके काळी हबोनीमचं काम चालत असे. आमच्या घरातल्या मोठ्यांच्या तोंडी हे नाव मी लहानपणापासून ऐकलेलं. चळवळ डाव्या विचारांची, कामगार-झिओनिस्ट परंपरेतली, म्हणजे ज्यूंचं राष्ट्र कष्टाच्या आणि समानतेच्या पायावर उभं करू पाहणारी. इस्राएलमधल्या काही किब्बुत्झांच्या, म्हणजे सामाईक मालकीच्या वस्त्यांच्या, उभारणीत तिच्या माणसांचा हात आहे, क्फार ब्लुम हे त्यातलं एक. म्हणजे हा नुसता पोहायचा आणि होडी वल्हवायचा कॅम्प नाही. ते सगळं आहेच, पण घोड्यावर बसायला शिकवणारा महागडा कॅम्प हवा असेल तर ही जागा तुमची नाही.

या कॅम्पची खरी ताकद एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे तो तरुण मुलंच चालवतात. नर्स, स्वयंपाकघर, कार्यालय इथे मोठी माणसं असतात. पण मुलांसोबत केबिनमध्ये झोपणारे, दिवसाचा कार्यक्रम ठरवणारे, भांडणं सोडवणारे मदरीख, म्हणजे गटाचे ताई-दादा, अठरा ते बावीस वर्षांचे. पूर्ण कॅम्पचा प्रमुखसुद्धा कॉलेजातला. पालकांच्या ऑनलाइन बैठकीत हा मुलगा बोलायला लागला तेव्हा माझ्या नवऱ्याने माझ्याकडे जे बघितलं, ते अजून आठवतं. पण त्याच्याकडे औषधांच्या वेळा, पोहताना कोणी कुठे उभं राहायचं, वादळ आलं तर कुठे जमायचं, सगळं लिहून तयार होतं. प्रश्नाला उत्तर माहीत नसेल तर तो तसं सांगायचा आणि संध्याकाळपर्यंत कळवायचा. मला एवढं पुरलं.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर याचा काय परिणाम होतो, ते घरी बसून कळत नाही. आई-बाबा किंवा शिक्षिका सांगतात तेव्हा मुलं एका कानाने ऐकतात. पण एकोणीस वर्षांची मदरीखा स्वतः संडास घासायला बसली की तिच्या शेजारी ब्रश घेऊन बसायला कुणाला कमीपणा वाटत नाही. रोज सकाळी अवोदा असते, म्हणजे कामाचा तास: बागेत निंदणी, कुंपणाची दुरुस्ती, कोंबड्यांना दाणे, जेवणघराची सफाई. ताटं वाढायची आणि उचलायचीही पाळी. आमच्याकडे घरी कामाला बाई नाही, तरी मुलीने आपणहून भांडी घासल्याचं मला आठवत नव्हतं. आता रविवारी ती घासते, आणि धाकट्या भावाला पुसायला उभं करते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कुपा. प्रत्येक क्वुत्साची, म्हणजे एका वयाच्या गटाची, एक सामाईक पेटी असते. घरून आणलेला खाऊ, मंजन, डासांचं मलम, खर्चाचे पैसे, सगळं त्यात जातं आणि लागेल तसं सगळे वापरतात. काय विकत आणायचं ते गटाने बसून ठरवायचं. ऐकायला गोड वाटतं, पण पहिल्या आठवड्यात यावरून चांगलीच वादावादी झाली. एकीने महागाची चॉकलेटं लपवून ठेवली होती, दुसऱ्याच्या घरून काहीच आलं नव्हतं आणि त्याला ते सगळ्यांसमोर यायला नको होतं. बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. मदरीखाने निकाल दिला नाही, नुसती बसून राहिली. शेवटी मुलांनीच ठरवलं की कुणी काय आणलं हे विचारायचंच नाही, पेटीत नाव न सांगता ठेवायचं. चौदा वर्षांच्या मुलांनी दुसऱ्याची लाज राखायची रीत स्वतः शोधून काढली, याचं मला अजून कौतुक वाटतं. हिवाळ्यात शाळेच्या सहलीच्या वेळी मुलीने मैत्रिणींमध्ये हीच पद्धत सुरू केली. शिक्षिकेला नंतर कळलं.

फोन पूर्ण बंद. पत्रं लिहायची, कागदावर. पहिले चार-पाच दिवस तिला घरची आठवण फार झाली. पहिल्या पत्रात 'मला न्यायला या' एवढं एकच वाक्य होतं. ते पत्र आमच्या हाती पडलं तोवर तिची मनःस्थिती पार बदलली होती, हे आम्हाला फोन करून विचारल्यावर समजलं. ज्यांचं मूल पहिल्यांदाच घराबाहेर राहणार असेल त्यांनी या पत्रासाठी मनाची तयारी ठेवावी. ते बहुतेक येतंच.

आता आमच्यासारख्या कुटुंबांसाठी महत्त्वाचं. तिच्या केबिनमध्ये सगळ्या मुली युरोपीय वंशाच्या अश्केनाझी घरातल्या. पहिल्या रात्रीच एकीने विचारलं, "तू नक्की ज्यू आहेस ना? भारतात ज्यू असतात?" विचारणारीच्या मनात वाईट नव्हतं, पण पोरीला लागलं. आडनावाच्या शेवटी 'कर' का, हेही विचारून झालं. तिने मदरीखाला सांगितलं. मदरीखाने मुलींना भाषण दिलं नाही, तर हिलाच विचारलं की तुला यावर एक पेउला घ्यायची आहे का. पेउला म्हणजे त्यांचा चर्चा-खेळ-कार्यक्रम मिळून असलेला तास.

मग हिने घेतली. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून वाचलेली सात जोडपी, तेल गाळायचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून पडलेलं शनिवार तेली हे नाव, द्राक्षाच्या वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून काढलेलं किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं, सरबत, हे सगळं तिने आजीकडून ऐकलं होतं, पण असं सलग कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरात पोहे नव्हते. पुढच्या पालक-भेटीला मी दोन पिशव्या पोहे, नारळाचा कीस आणि मनुका घेऊन गेले. मलिदा, म्हणजे आमच्याकडे आभाराच्या विधीला करतात ते साखर-खोबरं घातलेले पोहे, वर फळांच्या फोडी, सगळ्या क्वुत्साने खाल्ला. कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणाऱ्या, स्वयंपाकघरालाही त्यात काही अडचण नव्हती, पाकिटांवरचा शिक्का तेवढा तपासून घेतला.

शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, संपताना हव्दाला हा निरोपाचा विधी होतो: वेणीसारखी वळलेली मेणबत्ती, मसाल्यांचा वास, अंधारात सगळे खांद्यावर हात टाकून गोल. तिथे एलियाहू हानावीचं, म्हणजे एलियाहू नबींचं, गाणं म्हणतात. हे आमच्याकडे मलिद्याला, मुंजीसारख्या बार मित्झ्वाला, लग्नाला, नव्या घराला, कधीही म्हटलं जातं. कोकणात तर एलियाहू नबी येऊन गेले अशी आमची श्रद्धा आहे. चाल वेगळी, शब्द तेच. त्या शनिवारी तिने आजीची चाल सगळ्यांना शिकवली. त्यानंतर पत्रांचा सूर बदलला.

अवघड भाग इस्राएलच्या चर्चांचा. ही चळवळ इस्राएलवर प्रेम करते आणि पॅलेस्टिनींच्या हक्कांबद्दलही उघडपणे बोलते. ऑक्टोबर 2023 मधला हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझातलं युद्ध यांमुळे हे बोलणं सोपं राहिलेलं नाही. ज्यूइश एजन्सीमार्फत उन्हाळ्यापुरते आलेले इस्राएली तरुण तिथे असतात, काही नुकतेच सैन्यातून सुटलेले. पंधरा-सोळा वर्षांची मुलं त्यांना थेट प्रश्न विचारतात आणि उत्तरं ऐकून गप्प होतात. आमचे निम्मे नातेवाईक अश्दोद, दिमोना, लोद इथे आहेत, त्यामुळे मुलीला ही चर्चा परकी नव्हती, पण जड गेली. माझं मत असं की सोळाच्या पुढच्या मुलांसाठी ही चर्चा अमूल्य आहे. तेरा-चौदाच्या मुलांसाठी ती कमी वेळाची आणि जास्त आधार देणारी असायला हवी. घरी मूल या विषयावर बोलायला कचरत असेल तर पाठवण्याआधी एकदा मदरीखांशी बोला. ऐकून घेतात.

तिशा बेआवच्या, म्हणजे जेरुसलेमची मंदिरं पडल्याच्या शोकाच्या, दिवशी त्यांनी वॉर्सा घेट्टोचा उठाव हा विषय घेतला, म्हणजे नाझींनी कोंडून ठेवलेल्या ज्यूंनी त्यांच्याविरुद्ध दिलेला लढा. एप्रिल 1943. उठावाचा नेता मोर्देखाय अनिएलेविच तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा, हाशोमेर हात्साइर या दुसऱ्या युवा चळवळीतला. द्रोरच्या झिव्हिया लुबेट्किन अठ्ठावीस वर्षांच्या. त्या वाचल्या आणि पुढे इस्राएलमध्ये लोहामेइ हागेताओत किब्बुत्झच्या संस्थापकांत होत्या. ही माणसं आपल्या मदरीखांपेक्षा फार मोठी नव्हती, हे मुलीने मला जेवताना दोनदा सांगितलं. घरातल्या पुस्तकात हे तिने आधी वाचलेलं होतं, तेव्हा असं जाणवलं नव्हतं.

काय टिकलं नाही, तेही लिहिते. हिब्रू फारशी सुधारली नाही. जेवणघर, सफाई, रांग यांचे शब्द पक्के झाले, वाक्य अजून जुळत नाही. भाषा शिकवणं हा हेतू असेल तर निराश व्हाल. पहाटे उठायची सवय सप्टेंबरात गेली. मैत्रिणींपैकी दोघी-तिघीच नियमित संपर्कात आहेत, पण त्यातली एक तीच, जिने पहिल्या रात्री प्रश्न विचारला होता. हनुक्काला, आमच्या दिव्यांच्या सणाला, ती आमच्याकडे राहायला आली आणि आजीच्या हातची आंबोळी खाऊन गेली.

ठाण्याचा माझा भाचा हंगेरीतल्या सार्वाशच्या कॅम्पला जाऊन आलाय. तो युवा चळवळीचा नाही. जेडीसी आणि लॉडर फाउंडेशन या ज्यू संस्थांनी 1990 मध्ये, कम्युनिस्ट राजवट गेल्यावर सुरू केलेला, आणि कितीतरी देशांतली मुलं तिथे एकत्र येतात. मुंबई-ठाण्याच्या मुलांना तो जास्त जवळचा वाटेल, कारण तिथे प्रत्येक जणच कुठून तरी वेगळा आलेला असतो. पोलंडच्या, तुर्कस्तानच्या मुलांना भारतातल्या ज्यूंचं नवल कमी. पण बारा दिवसांत कुपासारखं काही रुजायला वेळ मिळत नाही. भारतात राहत असाल तर मुंबईच्या ज्यू कम्युनिटी सेंटरमध्ये चौकशी करा.

खर्च मोठा आहे, काही हजार डॉलर. अमेरिकेत निवासी ज्यू कॅम्पला पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलांना 'वन हॅपी कॅम्पर' योजनेतून 1000 डॉलरपर्यंत मदत मिळू शकते, शिवाय कॅम्पकडून उत्पन्नानुसार सवलत असते. मागायला संकोचू नका, आम्ही मागितली आणि कुणी चार प्रश्न जास्त विचारले नाहीत. बरोबर चांगला टॉर्च, पावसाळी बूट आणि शब्बाथसाठी पांढऱ्या कपड्यांचे दोन जोड द्या. गवतातल्या गोचिडी अंगावर चढतात, रोज रात्री तपासायला मुलांना आधीच शिकवून ठेवा. शिळा खाऊ देऊ नका, तो कुपात जातो आणि सगळ्यांच्या पोटात.

या वर्षी मुलगी पुन्हा जाणार आहे, आणि दहा वर्षांचा धाकटाही, लहानांच्या छोट्या सत्राला. ती आत्तापासून त्याच्या सामानाची यादी करतेय. पोह्यांच्या पिशव्या या वेळी आधीच पोस्टाने पाठवायच्या ठरल्या आहेत.