कोयना खोऱ्याच्या जुन्या नकाशाची प्रिंट मागवली, कशी आहे सांगते

अण्णांसाठी मागवली होती. त्यांचं गाव शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली गेलं, गाव उठलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ४७ जी (हा त्यांचा या भागाचा नकाशा-क्रमांक) मधल्या, एक इंचाला एक मैल स्केलच्या शीट जोडून केलीय, १९६४ ला धरण पुरं झालं त्याच्या आधीच्या, त्यामुळे तापोळा-बामणोलीपासून खाली हेळवाकपर्यंत जिथे आता जलाशय दिसतो तिथे नुसती कोयना वळणं घेत दक्षिणेला जाताना दिसते. पहिल्यांदा बघून पोटात कालवलंच माझ्या.

स्कॅन छान आहे, कंटूरच्या (सारखी उंची दाखवणाऱ्या) तपकिरी रेषा एकात एक मिसळत नाहीत. शेती पिवळी, जंगल हिरवं, वस्ती लाल. आणि नीट बघा, गावं अगदी काठावर नाहीयेत! काठाची सपाटी भातखाचरांना सोडलेली, घरं थोडी वर चढून, आणि त्याच्याही वर उतारावर वाड्यांचे दोन-दोन चार-चार सुटे ठिपके, तिकडे नाचणी-वरी करायचे असं अण्णा सांगतात. म्हणजे पाणी चढलं तेव्हा आधी गेली ती भाताची जमीन, मग घरं. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते पण कळलं आत्ता, त्या पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवल्यावर.

अण्णांनी भिंग घेतलं, वासोटा किल्ला शोधला, तिथून ओढ्याओढ्याने खाली आले आणि एका लाल ठिपक्यावर नख टेकवून म्हणाले, "हे बघ, इथून आम्ही गुरं घेऊन वर जायचो." अर्धा तास उठलेच नाहीत.

आता तक्रार. शीट जिथे जोडल्यात तिथे एका वाडीचं नाव अर्धं कापलंय, आणि खालची पट्टी छाटून टाकलीय त्यात खुणांची यादी होती, ती नसेल तर नवीन माणसाला देऊळ कुठलं नि विहीर कुठली कसं कळणार? दुकानदाराला फोन केला तर म्हणाले फ्रेमच्या साइजसाठी कापावं लागतं, हे मला अजिबात पटलं नाही. लॅमिनेशन पण चकचकीत आहे, ट्यूबलाइटखाली नावं वाचता येत नाहीत, तिरकं धरावं लागतं.

८५० रुपये पडले. घ्या नक्की, विशेषतः घरात कोणी धरणग्रस्त असतील आणि अजून आठवून सांगणारे असतील तर उशीर करू नका, फक्त ऑर्डर देतानाच मॅट कागद आणि चारही बाजूंची पट्टी न कापता पाहिजे असं लिहून द्या. मी तशी दुसरी सांगितलीय, काकांसाठी, ते सोलापूरकडच्या पुनर्वसनाच्या गावात असतात.